किनारी भागातील फिडर ऑटोमेशनसाठी स्वतःचे एलटीई जाळे उभारावे की मोबाइल कंपन्यांचीच सिमकार्डे वापरत राहावे?

प्रश्न : किनारपट्टी_अभियंता

नमस्कार. मी एका वीज वितरण कंपनीत, कोकणातील एका किनारी विभागात काम करतो. कंपनीचे नाव येथे घेत नाही. ११ केव्हीच्या फिडरवर (उपकेंद्रातून गावांकडे जाणाऱ्या वाहिनीवर) रिक्लोजर (खांबावरचे आपोआप उघडणारे-मिटणारे ब्रेकर) आणि आरएमयू (वाहिन्या जोडण्या-तोडण्याच्या पेट्या) बसवून त्यांचे नियंत्रण जिल्ह्याच्या ठिकाणच्या स्काडा कक्षात, म्हणजे दूरनियंत्रण कक्षात, आणण्याचे काम आमच्याकडे गेली काही वर्षे चालू आहे. प्रत्येक ठिकाणी एक एफआरटीयू, म्हणजे उपकरणाची स्थिती कळवणारी आणि आज्ञा घेणारी पेटी, आहे, त्याला मोडेम जोडलेला आहे आणि मोडेममध्ये एका मोबाइल कंपनीचे सिमकार्ड आहे. उन्हाळ्यात ही व्यवस्था इतकी सुरळीत चालते की तिच्याबद्दल प्रश्न विचारणाराच वेडा ठरावा.

गेल्या वर्षी जूनमधल्या एका रात्री वादळी पावसात आमची ३३ केव्ही वाहिनी ट्रिप झाली. पहिले दोन तास पडद्यावर सगळे रिक्लोजर हिरवे-लाल दिसत होते. त्यानंतर ते एकेक करून राखाडी होत गेले. रिक्लोजरची स्वतःची बॅटरी शाबूत होती, तो आज्ञा पाळायलाही तयार होता, परंतु आज्ञा पोहोचवणारा टॉवरच झोपला होता. ३३ केव्ही परत आल्यावर एक फिडर दोन भागांत तोडून अर्धी गावे लगेच चालू करता आली असती. ते करण्यासाठी आमचा लाइनमन मोटारसायकलवरून घाटातल्या खांबापर्यंत गेला, तेथे फोनला रेंज नव्हती, म्हणून खिंडीपर्यंत परत चढून त्याने "बंद करू का?" असे विचारले, होकार घेतला आणि पुन्हा खाली उतरून हँडल मारले. जे काम कक्षातून एका क्लिकवर व्हायचे, त्याला साडेतीन तास लागले. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा तर कित्येक दिवस वीजही नव्हती आणि फोनही नव्हता. परंतु तो प्रसंग अपवादात्मक म्हणून बाजूला ठेवता येतो. जूनची ती रात्र मात्र दर पावसाळ्यात येते.

आता एका सल्लागार संस्थेने संपूर्ण जिल्ह्यासाठी खासगी एलटीई जाळ्याचे (मोबाइलच्या फोरजीचेच तंत्र, पण टॉवर स्वतःचे) सादरीकरण केले असून वरिष्ठांनी माझ्याकडून टिपण मागितले आहे. सादरीकरणात वेगाबद्दल पुष्कळ आहे, माझ्या अडचणीबद्दल फारसे नाही. परदेशांतील वीज कंपन्या असे जाळे खरोखर कशासाठी उभारतात, आपल्याकडे त्यासाठी स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) मिळण्याची वाट कोणती आणि आमच्यासारख्या एका विभागाने यातले किती मनावर घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

उत्तर १ : निवृत्त_पीएलसीसीवाला

तुमचा प्रसंग वाचून गंमत वाटली आणि वाईटही वाटले, कारण चाळीस वर्षांपूर्वी आम्ही याच घाटांत ही अडचण वेगळ्या पद्धतीने सोडवली होती. पारेषणाच्या उच्चदाब तारांवरूनच आम्ही बोलत असू, त्यालाच पीएलसीसी म्हणत. उपकेंद्राच्या तोंडाशी वेव्ह ट्रॅप लटकवायचा, म्हणजे आवाजाची लहर यार्डात न शिरता बोलण्याच्या संचाकडे वळते. संच ४८ व्होल्टच्या बॅटरीवर चालत असल्यामुळे वाहिनी मेलेली असली तरी, तार तुटलेली नसेल तर, पलीकडच्या उपकेंद्राशी बोलता येत असे. आवाज खरखरीत यायचा, पण यायचा.

सिमकार्डांच्या व्यवस्थेत आपण एक विचित्र वर्तुळ तयार केले आहे: वीज कंपनी निरोपासाठी मोबाइल टॉवरवर अवलंबून आणि टॉवर विजेसाठी वीज कंपनीवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यामुळे सादरीकरणातला वेग पाहूच नका. एफआरटीयूचा एक निरोप काही शेकडो बाइटांचा असतो. ब्रेकर उघडला, बंद झाला, करंट इतका आहे, एवढेच त्याला सांगायचे असते. एकच प्रश्न विचारा: वीज गेल्यानंतर हे जाळे किती तास जिवंत राहते आणि त्या टॉवरवर डिझेल कोण नेऊन ओततो?

तुम्हाला कोणीतरी दोन कंपन्यांची दोन सिमकार्डे घालण्याचा उपाय सुचवेल. तो स्वीकारण्यापूर्वी गाडी काढून प्रत्यक्ष टॉवर पाहून या. आपल्याकडे टॉवर बहुधा तिसऱ्याच कंपनीचा असतो आणि त्याच लोखंडावर दोन-तीन मोबाइल कंपन्यांचे अँटेना टांगलेले असतात. खाली बॅटरी एक, जनरेटर एक. मग सिमकार्डे दोन असून उपयोग काय? आणि त्या टॉवरला वीज कोणत्या फिडरवरून जाते, हेही तुमच्याच नोंदवहीतून शोधा. ज्या फिडरचा रिक्लोजर तुम्हाला चालवायचा आहे, त्याच फिडरवर तो टॉवर असेल तर बोलणेच खुंटले.

उत्तर २ : मिसूरीकर

मी अमेरिकेत मिसूरी राज्यात वीजवाहिन्यांच्या संरक्षण यंत्रणेवर काम करतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे २००५ च्या कतरिना वादळाने दिले. त्या वादळानंतर एफसीसी, म्हणजे येथील दूरसंचार नियामक, याने नेमलेल्या समितीने सर्व जाळ्यांची तपासणी केली. सार्वजनिक मोबाइलचे हजारांवर टॉवर बंद पडले होते. वीज कंपन्यांची स्वतःची जाळी मात्र बरीचशी तगून राहिली, असे त्या समितीने नोंदवले. कारण साधेच होते: ती जाळी वीज नसताना चालावीत म्हणूनच बांधलेली होती, त्यांच्याजवळ बॅटरी आणि जनरेटर होते आणि दुरुस्तीला जाणारी माणसे घरचीच होती. त्यानंतर मोबाइल टॉवरवर किमान ८ तासांची बॅटरी सक्तीची करण्याचा नियम एफसीसीने २००७ मध्ये आणला. तो उद्योगाच्या विरोधामुळे कधीच अमलात आला नाही. वणव्यांच्या धोक्याच्या भागात ७२ तासांची सक्ती कॅलिफोर्निया राज्याने केली, तीही २०२० मध्ये. दुसऱ्याच्या टॉवरवर नियम लादून घेणे किती अवघड असते, हे यावरून दिसते.

स्वतःच्या जाळ्याला येथे खरी गती मिळाली मे २०२० मध्ये. एफसीसीने ९०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातील जुन्या अरुंद चॅनेलांच्या जागी ३ अधिक ३ मेगाहर्ट्झचा (जाण्याला ३, येण्याला ३) सलग तुकडा मोकळा करण्यास परवानगी दिली. आमच्या सेंट लुईसच्या अमेरेन कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो भाडेपट्ट्याने घेतला आणि सॅन डिएगोच्या कंपनीने २०२१ मध्ये विकतच घेतला. मोबाइल कंपन्यांच्या दृष्टीने ३ मेगाहर्ट्झ म्हणजे किरकोळ चिल्लर आहे, त्यावर चित्रफितींचा बाजार मांडता येत नाही. रिक्लोजर, कपॅसिटर बँक (व्होल्टेज सावरणारी उपकरणे) आणि मीटरचे आकडे गोळा करणारे संकलक यांना मात्र ती पुरेशी आहे.

एक उदाहरण मात्र सविस्तर सांगतो, कारण ते आपल्याकडे सर्वांत जास्त लागू पडते. सॅन डिएगोत तुटलेली तार जमिनीवर पडण्यापूर्वीच वीजरहित करण्याची योजना राबवली जाते. ३० फूट उंचीवरची तार तुटून खाली यायला सुमारे १.३७ सेकंद लागतात. हे शाळेतल्या गुरुत्वाकर्षणाच्या गणिताने कोणीही काढू शकतो. फिडरवर ठिकठिकाणी बसवलेली उपकरणे एकाच घड्याळाला बांधलेल्या वेळेनुसार व्होल्टेज मोजतात. तार तुटताच तुटीच्या दोन्ही बाजूंची व्होल्टेजे एकमेकांपासून फारकत घेतात, नियंत्रक ती फारकत ओळखतो आणि दोन्हीकडच्या ब्रेकरांना उघडण्याची आज्ञा देतो. मोजमाप, निरोप, निर्णय आणि ब्रेकरची हालचाल हे सर्व त्या एका सेकंदाच्या आत बसवायचे असते. आपल्याकडे ११ केव्हीच्या तारेला रस्ता ओलांडताना किमान ६.१ मीटर उंची लागते, म्हणजे हाताशी साधारण १.१ सेकंद उरतो. कोकणातल्या कातळावर तार पडली तर जमिनीकडे जाणारा प्रवाह इतका कमी असतो की तो ओळखून ब्रेकर उघडायला लावणारा साधा अर्थफॉल्ट रिले अनेकदा हलतही नाही, आणि सकाळी गुरे घेऊन निघालेल्या माणसाचा पाय त्या तारेवर पडतो. हे काम सुरुवातीला इतर रेडिओंवरही केले गेले. ते सर्व फिडरांवर पसरवायचे म्हटल्यावर एलटीईकडे वळावे लागले. सार्वजनिक जाळ्यावर सरासरी वेळ कदाचित चांगलाही मिळेल, परंतु गणपतीच्या गर्दीत, तुमच्या आधी चारशे लोक आरतीचे चित्रण पाठवत असताना, तो किती मिळेल याची हमी कोणी देत नाही.

दुसरे कारण आयुष्याचे आहे. रिक्लोजर पंधरा-वीस वर्षे टिकतो. येथील एका मोठ्या मोबाइल कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणि दुसरीने त्याच वर्षाच्या अखेरीस थ्रीजी बंद केले, तेव्हा चालू स्थितीतले असंख्य मोडेम खांबांवरून उतरवावे लागले. त्या वर्षी माणसाला खांबावर उचलणाऱ्या आमच्या बकेट ट्रकना दुसरे काम नव्हते.

एक धोक्याची सूचनाही देतो. सल्लागार येथील ९०० मेगाहर्ट्झचे उदाहरण जसेच्या तसे दाखवत असेल तर त्याला थांबवा. भारतात तोच पट्टा सार्वजनिक मोबाइल सेवेला दिलेला आहे. येथे तो रिकामा करता आला, कारण येथील मोबाइल सेवा इतर पट्ट्यांत वाढली.

उत्तर ३ : नियामक_हिशेब

तांत्रिक मुद्दे मान्य आहेत. मी थोडा विरोधी सूर लावतो, कारण टिपणावर सही करणारे वरिष्ठ शेवटी हाच प्रश्न विचारणार आहेत.

स्वतःचे जाळे परवडते ते त्यावर अनेक कामे एकत्र बसवली तर. परदेशांत हा हिशेब बहुधा स्मार्ट मीटर, फिडर ऑटोमेशन, उपकेंद्रांची देखरेख आणि कर्मचाऱ्यांचे रेडिओ यांची बेरीज करून जमवला जातो. आपल्याकडे या बेरजेतला सर्वांत मोठा आकडा आधीच दुसऱ्याच्या पदरात पडलेला आहे. वितरण सुधारण्याच्या केंद्राच्या २०२१ च्या आरडीएसएस योजनेत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचे लक्ष्य ठेवले गेले, आणि ते बसवण्याचे व चालवण्याचे काम दीर्घ मुदतीच्या करारांनी खासगी सेवापुरवठादारांकडे गेले. मीटरचा आकडा वेळेवर सर्व्हरपर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी त्या पुरवठादाराची असल्यामुळे त्याने मोबाइल सिमकार्ड वापरायचे की ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यातले आरएफ मेश (मीटरकडून मीटरकडे निरोप सरकवणारे रेडिओ जाळे) वापरायचे, हेही प्रामुख्याने तोच ठरवतो. तुमचे जाळे उभे राहीपर्यंत मीटर दुसऱ्याच्या जाळ्यावर गेलेले असतील आणि तुमच्याकडे उरतील ते जिल्हाभरातले काहीशे रिक्लोजर व आरएमयू. तेवढ्यांसाठी टॉवर, कोअर (जाळ्याची मध्यवर्ती यंत्रणा), देखभालीची माणसे आणि चोवीस तासांचा कक्ष उभारणे म्हणजे पावशेर दुधासाठी गोठा बांधण्यासारखे आहे.

वीज कंपन्यांना स्वतःची मालमत्ता उभारण्याचा मोह का होतो, हेही उघडपणे बोलले पाहिजे. नियामक आयोगाने मंजूर केलेल्या भांडवली खर्चावर कंपनीला परतावा मिळतो. सिमकार्डांचे मासिक बिल हा चालू खर्च, त्यावर काहीच मिळत नाही. अमेरिकेतही हेच आहे, हे मिसूरीकर नाकारणार नाहीत. म्हणून टिपणात भांडवली खर्चाचा आकडा लिहिताना तो शेवटी ग्राहकाच्या युनिटमागे किती पडतो, तेही लिहावे.

स्पेक्ट्रमबद्दल. दूरसंचार विभागाने २७ जून २०२२ रोजी खासगी वापराच्या बंदिस्त जाळ्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत चार वाटा आहेत: मोबाइल कंपनीने आपल्याच जाळ्याचा एक भाग राखून देणे, मोबाइल कंपनीने तुमच्या आवारात वेगळे जाळे उभारणे, तिच्याकडून स्पेक्ट्रम भाड्याने घेणे आणि सरकारकडून थेट मिळवणे. चौथी वाट ऐकायला सर्वांत चांगली आहे, पण तिच्याबाबत मागणीची चाचपणी झाली आणि दूरसंचार कंपन्यांच्या संघटनेने तिला उघड विरोध केला. शिवाय ही सगळी रचना कारखाना, बंदर, खाण अशा कुंपणाच्या आतल्या वापराकडे डोळा ठेवून केलेली दिसते. वीज कंपनीचे आवार म्हणजे अख्खा जिल्हा. आपल्या देशात वेगळ्या वाटपाचा ठळक दाखला रेल्वेचा आहे. जून २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वेला ७०० मेगाहर्ट्झमध्ये ५ मेगाहर्ट्झ मंजूर केले, कारण गाडीची सुरक्षा आणि सिग्नल ही बाब मोठी मानली गेली. तुटलेल्या तारेने जाणारे जीव हीदेखील तितकीच मोठी बाब आहे, असा युक्तिवाद वीज क्षेत्राने एकत्रितपणे करायला हवा. एका विभागीय कार्यालयाच्या टिपणाने ते काम होणार नाही.

किनारपट्टी_अभियंता

सर्वांचे आभार. निवृत्त साहेबांच्या सांगण्यावरून शनिवारी एका उपविभागातले टॉवर प्रत्यक्ष पाहून आलो आणि सोमवारी नोंदवहीशी ताडून पाहिले. आमचे अकरा रिक्लोजर एकूण चार टॉवरांवरून बोलतात. चारही टॉवरांवर एकाहून अधिक मोबाइल कंपन्या आहेत आणि त्यांपैकी तीन टॉवर आमच्याच दोन फिडरांवर आहेत. एका टॉवरच्या जनरेटरवर वेली चढल्या होत्या. दुहेरी सिमकार्डांचा प्रस्ताव मी गेल्या महिन्यात स्वतःच्या हाताने लिहून पाठवला होता, तो आता परत मागवावा लागेल.

उत्तर ४ : ऱ्हाइनकाठ

जर्मनीतला अनुभव येथे उपयोगी पडावा, कारण येथे वीज कंपन्यांनी प्रत्येकी वेगळे जाळे न बांधता एकत्र बांधले. मार्च २०२१ मध्ये येथील नियामकाने ४५० मेगाहर्ट्झचा पट्टा ४५०कनेक्ट या कंपनीला २०४० पर्यंत दिला. या कंपनीचे भागधारक म्हणजे वीज, गॅस आणि पाणीपुरवठ्यातल्याच संस्था. सार्वजनिक मोबाइल कंपन्यांचे टॉवर देशभर हजारोंनी असतात. ४५० मेगाहर्ट्झची लहर लांब जाते आणि तळघरातल्या मीटरपर्यंतही शिरते, म्हणून या कंपनीने संपूर्ण देशासाठी साधारण १,६०० ठिकाणांची आखणी केली. ठिकाणे कमी असल्यामुळे प्रत्येकाला मोठी बॅटरी देणे परवडते. वीज गेल्यावर ७२ तास तग धरण्याचे उद्दिष्ट त्यातूनच शक्य झाले. हिशेबवाल्यांनी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे येथील उत्तर असे की, जाळे एका कंपनीला परवडत नसेल तर ते सगळ्यांनी मिळून बांधावे.

याचा अर्थ येथे सारे आलबेल आहे असा घेऊ नये. कमी स्पेक्ट्रमवर काय घ्यायचे आणि काय नाही, यावर सतत ओढाताण होते. कोणालाही एखादी सोय सुचली की ती या जाळ्यावर हवी असते, आणि उपकेंद्रातला कॅमेरा हा त्यातला नेहमीचा पाहुणा आहे. त्याला दाराशीच अडवावे लागते.

उत्तर ५ : ओटी_सुरक्षा

एकच मुद्दा राहिला आहे. "जाळे स्वतःचे म्हणजे सुरक्षित" असे सादरीकरणात लिहिलेले असेल तर ते खोडून टाका. डिसेंबर २०१५ मध्ये युक्रेनमधील वितरण कंपन्यांवर हल्ला झाला आणि सुमारे २,२५,००० ग्राहक अंधारात गेले. हल्लेखोर आत आले ते कार्यालयीन संगणकांतून, आणि त्यांनी ब्रेकर उघडले ते कर्मचाऱ्यांचेच लॉगिन आणि पासवर्ड वापरून. रेडिओशी त्याचा काही संबंध नव्हता. रस्त्याकडेच्या एफआरटीयूच्या पेटीचे कुलूप तोडून सिमकार्ड काढून नेणाऱ्याला ते कार्ड आपल्या नियंत्रण कक्षापर्यंत वाट देता कामा नये. हे काम खासगी जाळ्यावरही तितकेच करावे लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची ऑक्टोबर २०२१ ची सायबर सुरक्षा मार्गदर्शक तत्त्वे टिपणाला जोडा. वरिष्ठांना ती दिसली की पुढचे बोलणे सोपे जाते.

निवृत्त_पीएलसीसीवाला

रिक्लोजर अकरा आणि टॉवर चार असतील तर एवढ्यासाठी एलटीईची वाट पाहत बसू नका. तुमच्या ३३/११ केव्ही उपकेंद्रात बॅटरी संच आहे, तो ब्रेकरसाठी तुम्ही जिवापाड सांभाळता. त्याच आवारात एक उंच खांब उभारून ८६५ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त रेडिओ बसवा आणि जे रिक्लोजर सरळ नजरेत येतात ते त्यावर घ्या. खिंडीपलीकडच्यांसाठी मधल्या टेकडीवर सौर पॅनेलवरचा एक रिपीटर लागेल. उपकेंद्रापासून जिल्ह्यापर्यंत तुमचे ऑप्टिकल फायबर असेल तर उत्तम, नसेल तर उपग्रहाची छत्री लावा. मोबाइल सिमकार्ड काढू नका, ते रोजच्या कामाला राहू द्या. रेडिओवरून फक्त उघड-बंद आणि स्थिती जाऊ द्या, करंटचे आलेख नकोत. उपकेंद्राच्या बॅटरी संचाची क्षमता मात्र आधी मोजून घ्या, कारण ब्रेकरच्या वाट्याचे तास रेडिओने खाता कामा नयेत.

किनारपट्टी_अभियंता

उपकेंद्रापर्यंत फायबर आहे, पण ते खांबांवरूनच आलेले असल्याने मोठ्या वादळात त्यावर भिस्त ठेवता येणार नाही. छत्रीची किंमत काढतो आहे. अकरांपैकी सात रिक्लोजर उपकेंद्राच्या खांबावरून दिसावेत असा नकाशावरून अंदाज आहे, मात्र आंब्याच्या बागा नकाशात दिसत नाहीत. टिपणाचे दोन भाग करतो आहे: या पावसाळ्याआधी सात ठिकाणी रेडिओ, आणि राज्यातील सर्व वितरण व पारेषण कंपन्यांनी मिळून रेल्वेप्रमाणे स्पेक्ट्रमची मागणी करावी अशी वरच्या कार्यालयाकडे शिफारस. ८६५ मेगाहर्ट्झचे रेडिओ किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ज्यांनी दोन-तीन पावसाळे चालवले आहेत, त्यांनी पेटीचा प्रकार आणि अँटेनाच्या जोडाला काय गुंडाळले, तेवढे कृपया सांगावे.